वस्तूचं तोंड

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी डिझाइनची फाइल मिळाली. वीस पानं, सगळी चकचकीत. रात्री जेवणं झाल्यावर एकदा चाळली, सकाळी चहासोबत पुन्हा नीट पाहिली. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, "आत्या, खरं काय ते सांगा, मनात ठेवू नका." गावच्या लेकीला अख्खं गाव आत्या म्हणतं, आणि आत्याला कान पिळायचा हक्क असतोच. तेव्हा आता वाईट वाटून घेऊ नको.

हात चांगला आहे तुझा. कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं तर अशी, की आत्ताच दुकानातून उचलून आणल्यासारखी. फोनवरून रंग बदलणारा दिवा, पाणी प्यायची आठवण करून देणारी बाटली, नदीतल्या गोट्यासारखा स्पीकर, एका पायावर उभी खुर्ची. सगळ्या वस्तू पांढऱ्या शून्यात तरंगतायत. मी एक गोष्ट शोधत होते, ती काही शेवटपर्यंत सापडली नाही. वीस पानांत एकही हात नाही. बाटली धरणारा, दिव्यावरची धूळ पुसणारा, खुर्ची ओढून ओसरीत नेणारा, कुणाचाच नाही.

आता तुला वाटेल, आत्या म्हातारी झाली, खादी आणि मडक्यावर भाषण ठोकणार. तसं काही नाही. साजऱ्या वस्तूंवर माझा जीव लहानपणापासून. साजरं हा आपल्याकडचा शब्द मी मुद्दाम वापरते. पुण्यात तीस वर्षं काढली, तिथे 'स्टायलिश' म्हणतात, फार तर 'देखणं' म्हणतात, पण साजऱ्यात जो साज आहे तो त्या शब्दांत येत नाही. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला फक्त स्वस्त आणि मजबूत हवं असतं, हे वाक्य मी शहरातल्या मीटिंगांमध्ये शंभरदा ऐकलं. असं बोलणाऱ्याने पोळा पाहिलेला नसतो. ज्या घरात त्या वर्षी लेकरांना नवे कपडे होत नाहीत, त्या घरचा बैलसुद्धा शिंगांना बेगड लावून, झूल पांघरून तोरणाखाली उभा राहतो. साज ही चैनीची गोष्ट आहे हे आपल्या लोकांना कुणी सांगितलेलंच नाही.

माझे बाबा सुतार होते, हे तुला माहीत आहे. तुझ्या आजोबांची तिफण, वखर, बंडीची चाकं त्यांच्याच हातची. श्रावण अर्धा सरला की मात्र सगळी कामं मागे पडायची, कारण तान्हा पोळा जवळ यायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, घरोघरी जातात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. हा आपल्या विदर्भाचा सण. बाबांचे बैल शिवणीच्या लाकडाचे, हलके, चार चाकांच्या पाटावर उभे. त्यातला एक बारकावा मला कळायला वीस वर्षं लागली. पोरगं बैलाला वेसण धरूनच ओढणार, कारण खऱ्या बैलाला तसंच नेतात. पण दोरी नाकात बांधली की ओढ वरून बसते, वाटेत खडा आला की बैल तोंडावर आपटतो आणि शिंग मोडतं. दोरी खाली पाटाला बांधली तर बैल सरळ चालतो, पण मग तो बैल राहत नाही, नुसता गाडा होतो. पोरगं रडतं. बाबांनी दोन दोऱ्या लावल्या. ओढायची जाड दोरी पाटाच्या कडीला, आणि नाकातली वेसण बारीक सुताची, ढिली, पुढे हातभरावर त्या जाड दोरीला गाठ मारून जोडलेली. बघणाऱ्याला वाटतं वेसण धरून चाललाय. ओढ सगळी पाटावर. साजही राहिला आणि शिंगही राहिलं.

याच्यासाठी बाबांना कुणी बक्षीस दिलं नाही. त्यांनी ते कुणाला सांगितलंही नाही. मी अहमदाबादला शिकून आले, पुण्यात नोकरीला लागले, परदेशी मासिकं चाळून चाळून डोळे शिणवले, आणि तरीही पहिल्या मोठ्या कामात नेमकी तीच चूक केली जी ते बैलात करत नव्हते.

ती गोष्ट सांगते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण घोळ माझाच होता. त्यांना कूलर हवा होता, हॉलमध्ये सोफ्याशेजारी शोभेल असा. मी सहा महिने खपले. पांढरं अंग, कडांना गोलाई, समोर बारीक पट्ट्या. आणि पाणी भरायचं भोक मला फार खुपत होतं. ते दिसलं की सगळा नखरा उतरायचा. म्हणून मी ते लपवलं: खाली एक कप्पा, बोटाने दाबला की अलगद पुढे येणारा, चार बोटं रुंद. मीटिंगमध्ये तो कप्पा बाहेर आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

पहिल्या नगांपैकी एक मी एप्रिलात घरी आणला. आईने पदराला हात पुसले, कूलरभोवती एक चक्कर मारली, पाठीवरून हात फिरवला. मग आत जाऊन पाण्याचा गुंड कमरेवर घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"दिसाले तर मोठा साजरा हाय," ती म्हणाली. "पन याले तोंडच नाही व बाई! पानी ओतू कुठून?"

मी कप्पा दाबून दाखवला. ती वाकली. भरलेला गुंड कमरेवरून उतरवून घोट्याच्या उंचीवरच्या चार बोटांच्या फटीत ओतून बघ एकदा, मग कळेल. अर्धं पाणी आत गेलं, अर्धं फरशीवरून वाहत विजेच्या बोर्डाकडे निघालं. मी धावत जाऊन पिन काढली. पुण्यात आम्ही तो कप्पा नळीने भरून तपासला होता. आमच्या घरी तेव्हा नळ अंगणात होता आणि दोन दिवसांआड यायचा.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर कूलर सुरू होता. आईने तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन विळ्याने कापून त्याची चाडी, म्हणजे नरसाळं, केली होती आणि ती त्या कप्प्यात तिरपी ठोकून बसवली होती. सहा महिन्यांच्या कामाला दहा मिनिटांची दुरुस्ती. वर आणखी, ती चाडी बोडकी दिसते म्हणून तिच्या काठाला जुन्या लुगड्याचा लाल काठ गुंडाळलेला. माझ्या पांढऱ्या कूलरवर तो लाल काठ बघून मला आधी राग आला. मग बाबांचा बैल आठवला.

आपल्या भाषेची गंमत बघ. चेहऱ्याला आपण तोंड म्हणतो, आणि गुंडाच्या, पोत्याच्या, विहिरीच्या उघड्या भागालाही तोंडच म्हणतो. आईला दोन्ही एकच. मी मात्र चेहरा काढत बसले आणि तोंड बुजवून टाकलं. तुझ्या वीस पानांतही मला तेच दिसतंय. वस्तूत काहीतरी आत जातं: पाणी, हात, बी, आवाज, पैसा, सेल. ते जिथून जातं तिथे माणूस आणि वस्तू पहिल्यांदा भेटतात. साज चढवायचा तर तिथून सुरुवात कर.

चाडी म्हटल्यावर तिफणीचं चाडं आठवल्याशिवाय राहत नाही. पेरणीला आपण 'चाड्यावर मूठ धरणं' म्हणतो, म्हणजे अख्ख्या हंगामाचं नाव त्या लाकडी वाटीच्या तोंडावरून पडलंय. घरी असेल तर जरा हातात घेऊन बघ. आतला उतार असा की दाणा थांबत नाही आणि उडतही नाही. काठ जाड, गोल, कारण दिवसभर मनगट त्यावर टेकायचं असतं. खाली भोकं, प्रत्येक भोकाची नळी आपापल्या फणाला. नक्षी असलीच तर काठाच्या बाहेरच्या अंगाला, हाताला टोचणार नाही तिथे. अशी वस्तू तुझ्या फाइलमध्ये एक असती तर मी बाकीची एकोणीस पानं बघितलीही नसती.

पुढच्या मॉडेलला मी तोंड वर घेतलं. गुंडाचा काठ मोजून वीतभर रुंद, आत उतार. कंपनीतला एक जण म्हणाला, "मॅडम, बेसिनसारखं दिसतंय." म्हटलं, दिसू दे.

तेव्हापासून परदेशातल्या गाजलेल्या वस्तूंकडेही मी याच नजरेने बघते. १९९० साल घे. त्या वर्षी इटलीतल्या अलेस्सी कंपनीने फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कचं लिंबू पिळायचं यंत्र बाजारात आणलं, ज्यूसी सालिफ. तीन लांब पायांवर उभा अॅल्युमिनियमचा कोळीच म्हण ना. त्याचं पहिलं चित्र स्टार्कने हॉटेलात जेवताना टेबलावरच्या कागदावर काढलं होतं. माझ्याकडे आहे एक, भेट आलेला. डोक्यावर लिंबू दाबायचं, रस खाचांमधून ओघळून खालच्या पेल्यात पडतो, आणि बियाही त्याच्याच मागे उड्या मारतात, कारण गाळणी नाही. त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्तीही निघाली होती, आणि ती लिंबाला लावायचीच नाही, कारण आंबटाने मुलामा खराब होतो! हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले होते. खोटं बोलत नाही, मला तो आवडतो. फळीवर ठेवलाय, येणारा प्रत्येक माणूस हात लावून बघतो. उन्हाळ्यात सरबत करायचं तर मात्र मी पितळी दाबणीच काढते.

त्याच १९९० साली अमेरिकेत ऑक्सो नावाची भांडी-हत्यारं निघाली. सॅम फार्बर नावाचे गृहस्थ, आयुष्यभर स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या धंद्यात. बायकोला, बेट्सीला, संधिवात. साल काढायचं सोलणं तिच्या हातात नीट धरवेना. त्यावरून त्यांनी न्यूयॉर्कच्या स्मार्ट डिझाइन या कंपनीकडून जाड, काळ्या, रबरासारख्या मऊ मुठीचं सोलणं करून घेतलं. मुठीवर बोटं टेकतात तिथे माशाच्या कल्ल्यासारख्या बारीक चिरा. दुकानातला माणूस त्या चिरा दाबून बघतो आणि तिथेच फसतो. साध्या सोलण्यापेक्षा कितीतरी महाग, तरी खपलं. दुखऱ्या हातासाठी केलेली मूठ धडधाकट हातालाही बरी वाटली. स्टार्कने चेहऱ्यापासून सुरुवात केली, फार्बरने हातापासून. दोन्ही वस्तू संग्रहालयांत गेल्या. मी कुणाच्या बाजूची ते तुला कळलंच असेल, पण फळीवरचा कोळी मी कुणाला देणार नाही, हेही लिहून ठेव.

साज आणि अडचण यांचं नातं जास्त जवळून बघायचं असेल तर जर्मनीच्या ब्राउन कंपनीचा १९५६चा रेडिओ-ग्रामोफोन बघ, एसके ४. हान्स गुगेलोट आणि डीटर राम्स यांचं काम. आधी त्याला पत्र्याचं झाकण होतं, आणि आवाज वाढवला की ते खडखडायचं. म्हणून राम्सने पारदर्शक अॅक्रिलिकचं झाकण घातलं. आज लोक त्या झाकणाला आधुनिक सौंदर्य वगैरे म्हणतात. मुळात ती खडखडीवर केलेली दुरुस्ती होती. लाल काठाची चाडीच ती, जरा श्रीमंत घरची.

(राम्सचा पांढरा रंग मात्र आपल्याकडे आणताना दहादा विचार कर. आपली काळी माती वैशाखात उडते तेव्हा पांढरं प्लास्टिक आठ दिवसांत कळकट होतं. तुझ्या फाइलमधल्या वीसपैकी सतरा वस्तू पांढऱ्या आहेत. मोजल्या मी.)

तुला तो गोट्यासारखा स्पीकर फार आवडलेला दिसतो. तो करण्याआधी जपानी डिझायनर नाओतो फुकासावाचा मुजी कंपनीसाठीचा १९९९चा सीडी प्लेयर बघून ये. भिंतीवर टांगायचा, खाली एक दोरी. दोरी ओढली की चकती फिरायला लागते, गाणं सुरू. माणूस आपसूक मान वर करून त्याच्याकडे बघत उभा राहतो, पंख्याकडे बघावं तसा. सुरू करायला बटण शोधायला नको, पुस्तक वाचायला नको. सोनीच्या पहिल्या वॉकमनला, १९७९च्या, हेडफोन लावायला दोन भोकं होती, कारण एकट्याने ऐकणं उद्धटपणाचं दिसेल अशी त्यांना धास्ती होती. वस्तूला किती तोंडं द्यायची, हासुद्धा शेवटी माणसामाणसांतल्या रीतीचा प्रश्न.

आणि नोकियाचा ११०० विसरू नको. २००३ साली आला, जगात पंचवीस कोटींच्या वर खपला. तुझ्या वयाच्या पोरांना तो गमतीचा वाटतो. आपल्याकडे त्या फोनचं तोंड कुठलं होतं सांगू? वरच्या टोकाला असलेली बॅटरी, म्हणजे टॉर्च. शेतीची वीज रात्री यायची. माझा भाऊ अकरा-बारा वाजता मोटर सुरू करायला निघायचा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात तो फोन. धुऱ्यावरून चालताना पुढे साप आहे की दोर, हे ज्या उजेडात दिसतं त्या उजेडाला आपण फोन म्हणत होतो. बटणांवर सलग रबर, धूळ आत जात नसे. बाजूंना खरखरीत पट्ट्या, घामाने निसटत नसे. त्याच्यापेक्षा साजरे फोन तेव्हा दुकानांत भरपूर होते.

सापावरून आठवलं. वर्ध्याला जाशील तेव्हा सेवाग्रामला थांब. तिथे साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलाय. आश्रमात साप निघाला की मारायचा नाही, धरून लांब सोडायचा. धरणाऱ्यालाही चावू नये आणि सापालाही लागू नये, अशी दुहेरी अट ज्या चिमट्यावर आहे त्याच्या जबड्याकडे नीट बघ. मग शहरात मगन संग्रहालय आहे, १९३८ सालचं, ग्रामोद्योगाच्या वस्तूंचं. तिथे एक अख्खा दिवस घालव. चरख्यांसमोर जास्त वेळ.

चरख्यावरून तुला एक अशी गोष्ट सांगते जी डिझाइनच्या वर्गात पहिल्या दिवशी सांगायला हवी. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. तेव्हाचे एक लाख! अटी वाचशील तर घाम फुटेल. हलका हवा, झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा. बाईला फार न दमता आठ तास कातता यावं, आणि तेवढ्या वेळात सोळा हजार फूट सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या आत. नीट वापरला तर वीस वर्षं टिकावा, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. ही शेवटची अट बघ. आजसुद्धा किती कंपन्या वस्तू काढण्याआधी दुरुस्तीचा खर्च कागदावर लिहितात? बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. मला त्या अटीच जास्त मोलाच्या वाटतात. दमणारी बाई, झोपडीतली जागा, वीस वर्षांनंतरचा दिवस, सगळं त्यांत आहे. चित्र मात्र एकही नाही.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १९५८ साली, चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून देशभर फिरलं. त्यांच्या अहवालातून पुढे १९६१मध्ये अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. सगळ्या देशात बघण्यासारख्या वस्तूंतून त्यांनी वाखाणला तो साधा लोटा, आपला गडवा. तो कमरेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, आतून हात घालून घासता येतो का, आत गरम काही असलं तर हातात धरवतो का, उन्हात कसा चमकतो, धक्का लागला तर कसा वाजतो, असे प्रश्न त्यांनी त्याला विचारले. तो कुणा एकाने काढलेला नाही, पिढ्यांनी घासून घासून आणला, हेही म्हणाले. मी अहमदाबादला हे शिकले तेव्हा मला आधी अभिमान वाटला आणि मग जरा चीड आली. आमच्या घरी आठ गडवे होते, आणि त्यांच्याकडे बघायला मला अमेरिकेहून माणूस यावा लागला.

आता तुझ्या घरची गोष्ट. चिठ्ठीच्या शेवटी तू लिहिलंस, "बाबांच्या दुकानाचा उल्लेख फाइलमध्ये करू का नको, बरं दिसत नाही." स्टँडजवळचं तुझ्या बाबांचं दुकान मी बघितलंय. फेब्रुवारी संपला की बाहेर पत्र्याच्या पेट्या रांगेत उभ्या: तीन बाजूंनी पाणी झिरपणाऱ्या गवताच्या ताट्या, खाली टाकी, पंप, समोर पंखा, वर निळा नाहीतर बदामी रंग. आपल्या मे महिन्याला दुसरं उत्तर नाही. पारा पंचेचाळीसच्या वर, हवा कोरडी ठक्क. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता आपल्यासोबत घेऊन जातं, आणि ते काम ताट्या फुकटात करतात. वीज लागते ती पंख्याला आणि पंपाला. जूनमध्ये हवा दमट झाली की हाच कूलर चिकचिक करतो, कारण वाफ घ्यायला हवेत जागाच उरत नाही. गिऱ्हाईक म्हणतं कूलर बिघडला. खोली बंद करून कूलर लावणारेही तेच म्हणतात. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी, हे तुझे बाबा प्रत्येकाला सांगतात, आणि लोक घरी जाऊन खिडकी लावून घेतात. तुझ्यासाठी इथे वीस पानांचं काम पडलंय. ती खिडकी उघडी ठेवायची आठवण कूलरनेच द्यायला हवी, आणि त्यासाठी फोन लागत नाही.

पण दुकानाच्या नावाने डोळे भरून येऊ देऊ नको. त्या पेट्यांच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, ताटी बदलताना माझ्या भावाचा अंगठा कापला गेलाय. पाणी, लोखंड आणि वीज एका पेटीत, आणि अर्थिंगची तार लोंबत राहिलेली, जोडलेली नाही. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लेकरं जातात. हे मी तुझ्या बाबांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक तार तोडून टाकते, तीन पिनांचा बोर्डच नसते घरी." हे खरंही आहे आणि पुरेसं नाही. १९८८ साली अहमदाबादेत सुरू झालेल्या सिम्फनीने कूलरला प्लास्टिकचं अंग दिलं, घरात शोभेल असं रूप दिलं. त्यांचं ते साजरं रूप बघून मी नाक मुरडत होते, मग लक्षात आलं की प्लास्टिकला हात लागून निदान अंग झणझणत नाही. साज कधी कधी असाही मागच्या दाराने जीव वाचवतो. मात्र त्यातला एखादा भाग गेला की गावात मिळत नाही, आणि तुझ्या बाबांच्या पेटीला कुठलाही भाग कुठूनही बसतो. या दोन पेट्यांच्या मधोमध जी तिसरी पेटी आहे ती अजून कुणी केलेली नाही.

तेव्हा फाइलमध्ये दुकान घाल, पण फोटो टाकून गहिवरू नको. पत्र्याची कड कशी मुडपली तर हात कापणार नाही, ते एका पानावर. दुसऱ्यावर पाणी भरायचं तोंड, खऱ्या मापात. पुठ्ठा घे, चिकटपट्टी घे, आहे त्या आकाराचं करून बघ. मग तुझ्या आजीला गुंड घेऊन बोलव आणि तू तोंड मिटून बाजूला बस. ती कुठे वाकते, कुठे थांबते, कुठे शिवी देते, ते लिहून काढ. शिवी जशीच्या तशी लिही. रंगाचा विचार नंतर, पण नक्की कर. बदामी रंग तुझ्या बाबांना ड्रम स्वस्तात मिळतो म्हणून लागतो, कुणाला आवडतो म्हणून नाही.

पाणी प्यायची आठवण करणारी बाटली काढून टाक. दिवा ठेव, त्यात काहीतरी आहे, पण वीज गेली की तो काय करतो ते काढ. परीक्षांचं विचारलंस: एनआयडीची दे, मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागासाठीचीही दे, तिथे १९६९पासून हे शिकवतात. दोन्हींत चित्र काढायला लावतात, पण बघतात ते विचार. पैशांचं मी आणि तुझे बाबा बोलू, त्यात तू पडू नको.

एका पायावरची खुर्ची राहिलीच. तुमच्या अंगणात जी हिरवी प्लास्टिकची खुर्ची आहे, मंडपवाल्याकडून राहिलेली, तिचा मागचा पाय तडकलेला आणि तुझ्या आजोबांनी तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडून तारेने शिवलेला. एका साच्यात, एका फटक्यात ओतलेली ही खुर्ची. हेन्री मॅसोने नावाच्या फ्रेंच माणसाने १९७२ साली तिच्या पहिल्या घडणींपैकी एक काढली. ती मोडली की फेकायची, असाच हिशोब होता. आजोबांनी तो मानला नाही. त्या टाक्यांचं चित्र काढून आण, पेन्सिलीने, प्रत्येक टाका मोजून. तार कुठल्या बाजूने आत गेली आणि कुठून बाहेर आली तेही दाखव.

रविवारी ये. दुपारच्या गाडीने नको, उन्हाचं मरशील. येताना पुठ्ठ्याचा मोठा खोका आण, फ्रिजचा मिळाला तर उत्तम, आणि आजीला विचारून एक गुंड.

तुझी,
आत्या

ता. क. बाबांचा एक बैल माझ्याकडे माळ्यावर आहे, चाक एक निखळलंय. दोरीची गाठ अजून तशीच आहे. ती न सोडता चाक बसवता येतं का बघू.